समायोजनाचं कलम

६ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. आमदार झालास तरी माझ्यासाठी धाकटाच, तेव्हा मायना बदलणार नाही. शिक्षण समितीवर तुझी नेमणूक झाल्याचं कळलं. आनंद झाला.

परवा शाळेत एक माणूस फीत घेऊन आला. रंगकामाचा अंदाज काढायला आलोय म्हणाला. पण भिंतींकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मैदान मापलं, फाटक मापलं, मुलांच्या लांब उडीचा खड्डासुद्धा मापला. कोणी पाठवलं असं विचारलं तर साहेबांनी म्हणाला, आणि कोणत्या साहेबांनी ते विचारताच त्याला घाई झाली. शिवाय वरच्या कचेरीतून फोन आला होता, की आपली मुलं हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत किती वेळात पोचतील. आपल्या मुलांनी तिथे का पोचावं, हे मात्र कोणी सांगेना.

मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसून बसून मी संशयी झालेय म्हण हवं तर. पण यात काहीतरी काळंबेरं आहे. तुझ्या कानावर काही आलं असेल तर कळव. वहिनीला आशीर्वाद.
तुझी,
ताई

१४ जून

ती. ताईस,
सा. नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? जिने कमी चढत जा. डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधतेस की कपाटात ठेवलायस?

इथे शाळांच्या विधेयकाची धांदल चालू आहे. आयुष्यात काही करून दाखवायची संधी आलीय असं वाटतं. रिकाम्या जागांवर कायमचे शिक्षक, गळक्या छपरांची दुरुस्ती, आणि गरीब वस्तीतल्या मुलामागे श्रीमंत वस्तीतल्या मुलाइतकाच खर्च. हे सगळं कायद्यातच लिहायचं, म्हणजे दरवर्षी कोणाच्या दारात पदर पसरायला नको. समितीपुढे अनुभवी शिक्षकांची साक्ष व्हायची आहे. तू यावंस अशी माझी फार इच्छा आहे. फक्त शिक्षकांच्या जागांबद्दल बोल, बाकी फाटे फोडू नकोस.

फीतवाल्याचं मनावर घेऊ नकोस. सरकारी मापं घेणं चालूच असतं.
माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
धाकटा

२० जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. गुडघ्यांची चौकशी वाचली आणि संशय पक्का झाला. लहानपणी साखरेचा डबा रिकामा केलास की तू आधी माझी तब्येत विचारायचास.

फक्त शिक्षकांच्या जागांबद्दल बोल, हे ‘फक्त’ माझ्या घशाखाली उतरत नाही. स्टेशनजवळच्या शाळेची हेडबाई माझी जुनी मैत्रीण. ती म्हणाली, विधेयकात ‘समायोजन’ नावाचं एक कलम आहे. शब्द किती मऊ! अर्थ एवढाच, की पट कमी असलेल्या शाळा मोठ्या शाळेत मिसळायच्या आणि इमारती सरकारने घ्यायच्या. त्यात आपली शाळा आहे का? हो की नाही, एवढंच कळव. भाषण निवडणुकीसाठी ठेव.

साक्षीला येईन. काय बोलायचं ते मात्र माझं मी ठरवीन.
ताई

२७ जून

ती. ताईस,
सा. नमस्कार. हो. आहे.

आता शिव्या घालायच्या आधी पुढचं वाच. विधेयकाला पुरेशी मतं नव्हती. पैशाच्या तिजोरीवर बसलेली मंडळी म्हणाली, लहान शाळा मिटवा, मग शिक्षकांच्या जागा देतो. कितीतरी गावांत मुलं गणिताच्या शिक्षकाचं तोंड न पाहता दहावीला बसतात, ताई. मी कबूल झालो. तुझ्या शाळेचं नाव काढता आलं असतं. पण मग बहिणीची वाचवली आणि दुसऱ्यांच्या बुडवल्या असं झालं असतं. म्हणून राहू दिलं, आणि तुला सांगायचं धाडस झालं नाही.

समितीत तू कलमाविषयी बोललीस तर सगळाच डाव मोडेल. पाया पडतो, तेवढं टाळ.
तुझा,
धाकटा

१२ जुलै

ती. ताईंना,
सा. न. साक्ष संपल्यावर तुम्ही घरी न येता तडक बस पकडलीत, म्हणून मीच लिहायला बसले.

मी मागच्या बाकावर होते. शिक्षकांच्या जागांबद्दल तुम्ही इतकं चांगलं बोललात की हे हुश्श करून मागे टेकले. तेवढ्यात तुम्ही अध्यक्षांना विचारलंत, सहा वर्षांच्या पोराचा हात धरून तो हमरस्ता पायी ओलांडलेला कोणी सदस्य इथे आहे का. सगळे कागद चाळायला लागले. यांचा चेहरा पाहवेना.

तुम्ही गेल्यावर त्यांच्याच पक्षाचे लोक म्हणाले, बहीण-भावाने मिळून हे नाटक बसवलंय. विरोधक म्हणाले, हा आता घाबरून पलटणार. रात्री जेवले नाहीत. मी विचारलं, तर म्हणाले, ताईला माझा भरवसा नाही आणि इतरांनाही नाही, तेव्हा आता काय वाटतं ते करायला मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी त्या कलमाला दुरुस्ती त्यांनी स्वतःच मांडली. पालकांच्या सभेने होकार दिल्याशिवाय आणि मुलांना सुरक्षित वाट असल्याशिवाय कुठलीही शाळा बंद करायची नाही. दुरुस्तीसकट विधेयक काल मंजूर झालं. शिक्षकांच्या जागा राहिल्या. छपरांचे पैसे मात्र पुढच्या वर्षावर ढकलले. दुरुस्तीला मतं मिळवायची ती किंमत.

मी लिहिलंय हे त्यांना माहीत नाही. आमच्यावरची माया आटू देऊ नका.
तुमची,
वहिनी

२१ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. दुरुस्ती छापून आली ती वाचली. आधी डोळे भरून आले, मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. ‘सुरक्षित वाट’ असं लिहिलंयस, पण सुरक्षित आहे हे ठरवणार कोण ते कुठेच नाही. उद्या कोणी रस्त्यावर चार पांढरे पट्टे ओढेल आणि म्हणेल झाली सुरक्षित. नियम करताना तेवढी मेख मारून घे. तुझ्या सोबत्यांवर माझा विश्वास नाही. तुझ्यावरचाही अजून पुरता परत आलेला नाही, खोटं कशाला बोलू.

तिसरीचा वर्ग गळतोय. मुलांना व्हरांड्यात बसवलंय. स्टेशनजवळच्या शाळेला गणिताचा शिक्षक मिळणार म्हणून माझी मैत्रीण खुशीत आहे, पण छपराचे पैसे लांबले म्हणून तिने मला दोन शब्द सुनावले. मी ऐकून घेतले.

शनिवारी पालकांची सभा आहे. शाळा घालवायला निघालेला आमदार माझाच भाऊ, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा तू स्वतः ये आणि उभा राहून उत्तरं दे. सभेत तुला कोणी फाडून खाल्लं तरी मी मध्ये पडणार नाही. जेवायला मात्र घरी ये. तिथे तुझ्या ताटाजवळ मी कोणाला आवाज चढवू देणार नाही.
ताई