बिनचेनचा तंबू

बेकप, लँकशायर
१९ जानेवारी १९९७

चि. डेझ,

अनेक आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा. धपाटा आधी घे.

तुझं पत्र वाचायला मला अर्धा तास लागला. वीस वर्षं टपालखात्यात काढलेल्या माणसाचं अक्षर हे? कोंबडी चालून गेली असती तरी बरं वाचता आलं असतं. तुला गाडीवरून काढून आत टेबलाशी बसवलं ते बरंच केलं म्हणायचं, लोकांची पाकिटं तरी वाचली. तुझी बायको मोइरा म्हणते फोन लावा. तिला सांग, पंधराव्या वर्षापासून मागांच्या खडखडाटात उभी राहून माझे कान गेलेत. फोनमध्ये मला बाटलीत अडकलेली माशी ऐकू येते, माणूस नाही. लिहायचं असेल तर लिहा.

आता तुझ्या तंबूबद्दल. नऊ मे महिने झाले, स्कॉटलंड पश्चिमेच्या समुद्रापासून पूर्वेच्या समुद्रापर्यंत तुडवतोस, तरी हौस फिटत नाही. आणि दरवर्षी औंस कमी करायचं ते खूळ! तुझा तो टकल्या मित्र टूथब्रशची दांडी कापून आणून कौतुकाने दाखवत होता. मी त्याला म्हटलं, बाबा, त्यापेक्षा पोट काप. हसला नाही मेला.

पण या वर्षी तू हद्द केलीस. पिशवीला बक्कल नको, नुसती पट्टी. कोटाला बटणं नकोत, डोक्यातून घालायचा. तंबूला चेन नको, एकावर एक पडणारी दोन कापडं आणि खाली एक मोठा फास, खुंटीत अडकवला की झालं दार. अरे, तंबू शिवायचाय की गोठ्याला पोतं लावायचंय? आई गेली तेव्हा तू आठ वर्षांचा होतास, तेव्हापासून तुझ्या चड्ड्या मी शिवल्या. त्यांनासुद्धा बटणं होती.

कापड आणलंय. हातात धरलं तर आहे की नाही कळत नाही, सुईखालून मासोळीसारखं सटकतं. शिवते, पण शिव्या देत शिवीन.

लोभ आहेच, रागावते म्हणून कमी समजू नकोस.

बेरिल


पर्थ
९ फेब्रुवारी १९९७

ती. बेरिल,

सा. न. वि. वि. की, धपाटा पोचला. अजून हुळहुळतंय.

अक्षराबद्दल क्षमा. इथे थंडी फार आहे, बोटं आखडतात. मोइरा ठीक आहे, तुझ्यासारखंच बोलते.

तू हस खुशाल, पण मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं मोजलंय. एक चेन दोन औंस. दोन औंस म्हणजे माझा दोन दिवसांचा चहा. बक्कलं दीड औंस. असं करत करत गेलं तर पाठीवर चौदा पौंडांच्या वर जाणार नाही. चौदाच्या वर या वर्षी नको आहे मला. सेहेचाळीस वर्षांचा झालो गं, खांदे कुरकुरतात.

पिशवी नि कोट तू म्हणशील तसे शीव. पण तंबूला चेन नको. ती वाळूने अडते, गारठ्यात आखडते. तेवढं एक माझं ऐक. आयुष्यात तुझ्याकडे हट्ट फार केले नाहीत (केले, पण तू ऐकले नाहीस). हा ऐक.

ही माझी दहावी खेप. दहा झाल्या की बूट खुंटीला टांगीन, अशी मोइरापाशी शपथ घेतली आहे. तेव्हा ही पुरी व्हायलाच हवी.

असाच लोभ राहू दे, शिव्यांसकट.

तुझा,
डेझ


बेकप
६ एप्रिल १९९७

चि. डेझ,

अ. आ. पार्सल सोबत येतंय. पार्किन केकचा डबा तळाशी आहे, तो तुझ्या काट्यावर ठेवलास तर याद राख.

पिशवीला बक्कल नाही. कोट डोक्यातून जातो. दोन्ही तू सांगितलंस तसेच. तंबूला मात्र चेन लावली आहे.

ओरडू नकोस, आधी वाच. तुझं ते एकावर एक पडणारं दार मी शिवून पाहिलं. मागच्या अंगणात उभं केलं आणि पाण्याची नळी मारली. आत सगळं ओलं. फडफडतंय वेगळंच. बत्तीस वर्षं रेनकोटच्या कारखान्यात काढली मी, लोकांच्या अंगावर पाण्याचा थेंब येऊ दिला नाही, आणि माझ्या भावाला डोंगरावर असल्या फडक्यात झोपवू? माझ्या हातून ते व्हायचं नाही. सगळं उसवलं आणि बारीक दातांची चेन बसवली, वर पाण्यासाठी झालर. तळ शिवून बंद केलाय. मुंगी शिरायची नाही.

आणि तुझे दोन औंस म्हणशील, तर शिवणीत दाबायचं कापड निम्मं केलं, कोपऱ्यांची ठिगळं कोरली, तळ दोन बोटं आखूड केला. शेजारच्या हिल्डाच्या काट्यावर मोजलं. तू मागितलेल्या वजनाहून अर्धा औंस कमी भरलं. आता बोल. काही उरलंय बोलायला?

लोभ ठेव आणि डोकं कोरडं ठेव.

बेरिल


पर्थ
२७ एप्रिल १९९७

ती. बेरिल,

सा. न. तंबू उभा करून पाहिला. इतकं सुबक काम मी दुकानातसुद्धा पाहिलेलं नाही. चेन छान आहे. तू जिंकलीस, मी हरलो.

९ मेला मॅलेगहून निघतो. पूर्वेला माँट्रोजला पोचलो की कार्ड टाकीन. पार्किन संपलं.

लोभ आहे, तो वाटेत सांडणार नाही.

डेझ


पर्थ
२१ मे १९९७

बेरिल यांस,

नमस्कार. हे पत्र मी डेझला न सांगता लिहिते आहे. तो आतल्या खोलीत झोपला आहे. आत्ता लगेच जिवाला धोका नाही, हे आधी सांगते.

नोव्हेंबरात डॉक्टरांनी त्याचा आजार सांगितला. हातापायांना हुकूम देणाऱ्या नसा मरत जातात. सुरुवात बोटांपासून झाली. औषध नाही. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं, फार तर तीन. तुम्हाला कळवू या म्हणून मी किती वेळा म्हटलं. तो म्हणायचा, बेरिलला कळलं तर ती पहिल्या गाडीने येऊन माझे बूट चुलीत घालेल. त्याला एकदा, शेवटचं, तो समुद्र ते हा समुद्र चालायचं होतं.

बक्कल, बटणं, चेन, हे सगळं वजनासाठी नव्हतं, बेरिल. त्याची बोटं मिटत नाहीत. त्या नादातले सगळेच लोक काही ना काही कापत असतात, म्हणून कोणाला शंका आली नाही. मलाही तो हसून म्हणायचा, बघ, याच्याइतकं चांगलं सोंग दुसरं नाही.

तुमचा तंबू आला तेव्हा मी म्हटलं, परत पाठव, खरं कारण लिही. नाही म्हणाला. चेनीला त्याने सुतळीचा फास बांधला आणि पंधरा दिवस बागेत गुडघ्यांवर बसून ती दाताने ओढायची सवय केली. मी खिडकीतून बघायचे.

सहाव्या दिवशी वर डोंगरात वादळ आलं. दुपारी चार वाजता त्याने तंबू ठोकला, आत पाणी जाऊ नये म्हणून चेन लावलेलीच ठेवून. मग ती उघडेना. सुतळी भिजून निसटली, ओठ थंडीने बधिर झालेले. तीन तास तो स्वतःच्या तंबूबाहेर पावसात बसून होता. एक बापलेक त्या वाटेने येत होते, त्यांनी पाहिलं म्हणून. दोन दिवस इस्पितळात ठेवलं. आता चालणं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे.

त्याच्या गळ्यात सुरी होती, उघडीच अडकवलेली, कारण मिटलेली त्याला उघडता येत नाही. मी विचारलं, कापड का नाही फाडलंस? तर म्हणाला, बेरिलने शिवलंय ते.

मी तुमच्यावर चिडले होते. अजून थोडी आहे. पण हे तुम्हाला माहीत असायला हवं असं वाटलं. त्याला कळू देऊ नका.

लोभ असेल तर एवढं करा.

मोइरा


पर्थ
२५ मे १९९७

ती. बेरिल,

सा. न. वि. वि. अक्षर मोइराचं आहे, मजकूर माझा. मनगट मुरगळलंय म्हणून तिला बसवलं.

या खेपेला मॅलेगहून निघालो खरा, पण अर्ध्यात सोडून आलो. गुडघा धरला. त्यात पाऊस असा की बदकंसुद्धा घरी बसली असती. वाईट वाटतं, पण काय करायचं, नऊ झाल्या त्या झाल्या.

तुझ्या तंबूचं मात्र सगळ्यांनी कौतुक केलं. आत थेंब आला नाही. चेन लोण्यासारखी चालली. तुझंच बरोबर होतं, त्या फडक्यात मी मेलोच असतो.

लोभ वाढता असू दे.

डेझ


बेकप
३० मे १९९७

मोइरा,

नमस्कार. ही चिठ्ठी वेगळ्या पाकिटात घातली आहे, वाचून जाळ.

त्याची थाप तुझ्या अक्षरात वाचली. ती लिहिताना तुझं काय झालं असेल ते मला कळलं. तू चिडलीस ते योग्यच. कमी चिडलीस.

मी चार दिवस मशीनला हात लावला नाही. त्याने एकच गोष्ट मागितली होती, आणि मी माझी अक्कल शिवून पाठवली. वर विचारलं, काही उरलंय का बोलायला. त्याच्याजवळ बोलायला होतं ते त्याने गिळलं, माझ्यासाठी. नळी मारून तंबू तपासला मी. दोन ओळी लिहून माझा भाऊ तपासला असता तर. अक्षर दिसत होतं मला, गं. कोंबडी म्हणाले मी त्याला.

मला त्याच्या पायांवर डोकं ठेवून रडायचंय. पण मग त्याची थाप फुटेल, आणि त्याने तीन तास पावसात बसून ती कमावली आहे. म्हणून मी येणार आणि गप्प बसणार. कारखाना मी कालच सोडला. कारखाना चालू आहे चांगला, पण डेझला तो बंद पडला असं लिहिलंय, तू मान डोलाव. सांगायचं तेव्हा तो सांगेल. तोवर त्याची शर्टं, त्याचा चमचा, त्याचं उठणंबसणं, जे लागेल ते मी बघीन आणि वर त्याला आळशी म्हणीन. नाहीतर त्याला संशय येईल.

मला घरात घे. एवढंच मागते.

बेरिल


बेकप
३० मे १९९७

चि. डेझ,

अ. आ. पत्र पोचलं. मोइराचं अक्षर बघून डोळ्यांना आराम पडला, यापुढे तिच्याकडूनच लिहवत जा.

गुडघा धरला म्हणे. धरणारच. म्हाताऱ्या घोड्यासारखं डोंगर चढायला कोणी सांगितलं होतं? बरं झालं परत आलास. आणि चेन चांगली चालली ना? बघ. म्हटलं नव्हतं मी? माझं ऐकलंस की असं होतं. हिल्डालासुद्धा वाचून दाखवलं.

आता माझं दुखणं ऐक. कारखाना बंद पडला. बत्तीस वर्षांनी आम्हाला हातात घड्याळ देऊन घरी बसवलं. घरात ओल आली आहे, एकटीला करमत नाही, आणि इथे कोणाला ओरडायचं तेही राहिलं नाही. तुमची मागची खोली रिकामी असेल तर काही दिवस येऊ का? पडून राहीन, त्रास देणार नाही. थोडा देईन. तुम्हा दोघांचे माझ्यावर फार उपकार होतील.

शनिवारच्या गाडीने मशीन घेऊन पोचते. स्टेशनवर येऊ नकोस, गुडघा सांभाळ. हमाल करीन.

माझ्यावर लोभ राहू दे, डेझ. आजवर कधी मागितला नव्हता, गृहीत धरला होता. आता मागते.

तुझी,
बेरिल