उभ्या गाडीत हवा कोण भरतं?

धुळे,
४ नोव्हेंबर २०२५

ती. आधारमामांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचे कान गेल्यापासून फोन म्हणजे मी ओरडायचं आणि तुम्ही "हो हो, थंडी पडली" म्हणायचं. म्हणून पत्रच बरं.

गॅरेज उघडून वर्ष होत आलं आणि पहिल्यांदाच दारात अशी गाडी आली की अर्धं देवपूर बघायला जमलं. निळी स्पोर्ट्स कार! फैजपूरच्या दिपमालाताई चौधरींची. घरचा केळीचा व्यापार, पण बाई गाड्यांच्या शर्यतीत उतरतात. महिनाअखेरीस नाशिकला शर्यत आहे आणि गाडीत दमच नाही.

मामा, हिच्यात टर्बो असतो. इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. ती किती कोंबली ते काट्यावर दिसतं. इथे काटा अर्ध्यावर येऊन बसतो तो हलायचं नाव घेत नाही. लळिंगच्या घाटात केळीच्या ट्रकनं आम्हाला मागे टाकलं. ताईंचं तोंड बघवत नव्हतं.

एका मोठ्या शोरूमनं टर्बोच बदला म्हणून सांगितलंय. मी तो उघडून पाहिला. पंखा बोटानं गरगर फिरतो, कुठे खुळखुळ नाही, तेलाचा थेंब नाही. धडधाकट टर्बोला मेला म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हवा वाटेत कुठल्यातरी नळीतून पळतेय.

बाबांचं तुम्हाला ठाऊक आहे. शेड त्यांची. ही गाडी तशीच परत गेली तर शेड फरशीवाल्या झुलालभाऊंना गोदामासाठी देणार, आणि मी पुन्हा जळगावच्या शोरूममध्ये काउंटरवर बिलं फाडत बसायचं. मला हातातला पाना सोडायचा नाही, मामा. तुम्ही जन्मभर यार्डात मालगाड्यांच्या ब्रेकच्या नळ्यांतली गळती शोधलीत. कशी शोधायचात, ते लिहा.

मामींना जयभीम. लोभ आहेच, तो गळू देऊ नका.

तुमची,
वृषाली

---

भुसावळ,
८ नोव्हेंबर

चि. वृषालीस,
अनेक मंगल आशीर्वाद.

पत्र पोचलं. मामीनं दोनदा वाचलं, मी तीनदा. केळीच्या ट्रकनं मागे टाकलं हे वाचून हसलो, माफ कर.

अगं, गळती शोधायला काय लागतं? साबणाचं पाणी! कपड्याचा साबण कोमट पाण्यात विरघळव, ब्रशनं प्रत्येक सांध्याला लाव आणि डोळे उघडे ठेव. हवा पळत असेल तिथे फुगा येतोच. चोर आपणहून शिंकतो, आपण फक्त पकडायचा.

जीवनराव दाजींचं मनावर घेऊ नकोस. जिल्हा परिषदेत टेबलामागे आयुष्य गेलं त्यांचं. मुलीच्या नखातलं ग्रीस बघून त्यांचा जीव खालीवर होतो, दुसरं काही नाही. भरताची वांगी चांगली आलीत. मामी म्हणते, गाडी दुरुस्त केल्याशिवाय तुला मिळणार नाहीत.

घाबरू नको, मी शे ना.

तुझ्या खुशालीची वाट बघणारा,
आधारमामा

---

धुळे,
१२ नोव्हेंबर

ती. मामांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

एक फुगा नाही, मामा. एकसुद्धा नाही!

बाबांचा दाढीचा ब्रश पळवला (त्यांना कळवू नका). इंजिन चालू ठेवलं आणि टर्बोपासून इंजिनापर्यंत सगळ्या नळ्या, सगळे सांधे फेसानं माखले. नंतर परत माखले. गाडी नवरीसारखी हळदीला बसलेली दिसत होती, पण फुगा काही आला नाही. म्हणजे नळ्या चांगल्या, टर्बोही चांगला, मग हवा जाते कुठे?

खरं सांगते, संध्याकाळी शेडचं दार लावून रडले. रविवारी झुलालभाऊ टेप घेऊन शेड मोजायला येणार आहेत. बाबांनी जेवताना सहज सांगितलं, जणू भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. आई त्यांच्याशी बोलत नाही.

दिपमालाताईंचा निरोप आला की नवा टर्बो मागवू का. मी थांबायला सांगितलंय. चांगली वस्तू मी काढून फेकणार नाही. झुलालभाऊ काय मोजायचं ते मोजोत, शेड हातात आहे तोवर मी गाडीखालून हलत नाही. तुम्हाला काही सुचलं तर लगेच कळवा.

माया राहू द्या.

वृषाली

---

भुसावळ,
१४ नोव्हेंबर

चि. वृषे,
आशीर्वाद नंतर, आधी शिव्या.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. एकदा तुझ्या नावानं आणि एकदा माझ्या. अगं येडे, उभ्या गाडीत हवा भरली कोणी?

आमची मालगाडी उभी असली तरी नळीत हवा ठासून भरलेली असते. इंजिन ती आधी भरतं, आम्ही तपासतो, मगच गाडी सुटते. म्हणून उभ्या गाडीवर आम्हाला फुगे दिसायचे. तूच लिहिलंस की तुझा पंखा धुराच्या जोरावर फिरतो. जागेवर गुरगुरणाऱ्या इंजिनात कसला आलाय जोर? नळ्या रिकाम्या, मग फुगा काय तुझ्या मामाच्या फुंकरीनं येणार?

भरलेल्या नळीशिवाय मी दुसरी नळी पाहिलीच नाही, म्हणून सांगायचं सुचलं नाही. आणि मामा सांगतो ते बरोबरच, म्हणून तू विचारलं नाहीस. बठ्ठा साबण फुकट गेला! आता बाहेरून हवा भर आणि मग फेस लाव. कशी भरायची ते मला विचारू नकोस, तुझ्या गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही.

हे पत्र रत्नाजवळ देतोय. शेजारच्या पाटलांची पोरगी, उद्याच्या बसनं धुळ्याला कॉलेजात जातेय.

पोटातून माया करणारा,
आधारमामा

---

धुळे,
१९ नोव्हेंबर

ती. मामांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

सापडला! चोर सापडला!

रत्नानं पत्र शनिवारी दिलं. टर्बोच्या तोंडावर घट्ट बसेल असं प्लास्टिकच्या पाइपचं टोपण आणलं, त्याला भोक पाडून ट्यूबचा वॉल्व्ह बसवला. आता टायरमध्ये भरतो तशी हवा भरायची, पण जपून, नाहीतर नळ्याच निसटायच्या. त्यात रविवार उजाडला. मी काट्यावर नजर ठेवायची तर गाडीखाली बघायला कोणी नाही. तेवढ्यात बाबा आणि झुलालभाऊ टेप घेऊन हजर.

मी बाबांना म्हटलं, शेड नंतर मोजा, आधी खाली आडवे व्हा. कसं काय बोलून गेले कोण जाणे. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग इस्त्रीच्या शर्टानिशी पोत्यावर आडवे झाले आणि मोबाइलचा टॉर्च लावला. मी हवा सोडली. काटा जरा वर गेला तोच बाबा ओरडले की वृषे, फुगा! मोठा फुगा!

टर्बोची गरम हवा गार करायला पुढे एक जाळी असते. तिच्या खालच्या नळीला पोटाकडून चीर गेली होती. हवा नसली की मिटलेली, हवा भरली की उघडते. मी त्याच नळीवरून कितीदा हात फिरवला असेल.

मी लगेच नवी नळी शोधायला गेले. परत आले तर झुलालभाऊ नव्हते आणि बाबा शर्टावरचा फेस पुसत होते. काय ठरलं ते मला सांगितलं नाही.

काल दिपमालाताईंना घेऊन लळिंगचा घाट चढले. काटा शेवटपर्यंत गेला आणि पाठ सीटला चिकटली. ताई वरती थांबून नुसत्या हसत राहिल्या. आनंद झाला, मामा, फार झाला. पण शेड माझी राहिली की गेली, हे बाबांना विचारायचा धीर होत नाही.

मामींना सांगा, वांगी लागू झाली.

तुमची,
वृषाली

---

भुसावळ,
२४ नोव्हेंबर

चि. वृषालीस,
अनेक मंगल आशीर्वाद.

काल जीवनराव दाजी अचानक आले. भरताची वांगी न्यायला आलो म्हणाले, पण वांगी काय धुळ्यात मिळत नाहीत? बहिऱ्यासाठी ठेवलेली पाटी त्यांनी आल्या आल्या ओढून घेतली आणि फुग्याची गोष्ट लिहायला सुरुवात केली. भरली की पुसायची, पुन्हा लिहायची. गोष्टीत तुझं नाव कमी आणि त्यांच्या टॉर्चचं जास्त. चित्रसुद्धा काढलं. फुगा गाडीपेक्षा मोठा.

ब्रशचंही कळलंय त्यांना. नवा घेऊन दे.

शेवटी मीच विचारलं की झुलालला काय सांगितलंत. त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं: "दुसरी जागा बघ म्हटलं. आमच्या गॅरेजात काम चालू आहे."

आमच्या, वृषे. मी दोनदा वाचलं, मग मामीला बोलावून दाखवलं. तुला तोंडानं सांगायला त्यांना अजून महिना लागेल, म्हणून मी कळवतोय. तू मात्र काही माहीत नसल्यासारखं राहा.

ती पाटी मी पुसलेली नाही. सकाळी मामीचा भाऊ येऊन गेला, त्याच्याशी हातवाऱ्यांनीच बोललो.

तुझा,
आधारमामा