व्हॅनचं ऑइल जातं कुठे?

५ जाने., सोम.
शाळेच्या गेटवर आज परत धूर. निळा. मी गिअर टाकला आणि मागे उभ्या असलेल्या आया ओढण्या नाकाला लावून बाजूला. अन्वीची आई खिडकीशी येऊन म्हणाली, "ताई, राग मानू नका, पण पोरं हे रोज नाकात घेतात." राग नाही आला, लाज वाटली. व्हॅन जुनी आहे, मान्य. पण दिवाळीपर्यंत असं काही नव्हतं. दोन-अडीच महिन्यांत कुणी एवढं म्हातारं होतं का?

७ जाने., बुध.
माझगावला, फ्रान्सिसच्या गॅरेजवर. त्याने धुराच्या नळीत बोट फिरवून मला दाखवलं. काळं, तेलकट. "पिस्टनच्या रिंग गेल्या, बाय. इंजिन ऑइल जाळतंय. खोलायला पायजे." किती दिवस? "पंधरा तरी धर."
पंधरा दिवस व्हॅन उभी राहिली तर मी शाळेत सोडते ती मुलं दुसऱ्याच्या व्हॅनमध्ये जाऊन बसतील. परत कोण येतंय? तसं सांगितल्यावर डोकं खाजवत म्हणाला, "मग आत्तापुरतं जाड ऑइल टाकतो. झिजलेल्या इंजिनाला बरं असतं. वर ही बाटली. औषध समज."
जुनं ऑइल काढलं, नवीन मापाने भरलं, वर औषध. परत येताना सारखी आरशात बघत होते. धूर नाही! औषधाने? जाडपणाने? की दोन्ही मिळून?

८ जाने.
बाटलीत थोडं उरलं होतं ते घरी आणलं. स्टीलची ताटली तिरकी धरून वर तीन थेंब: साधं ऑइल, जाड, औषध. साधं धावत सुटलं. जाड रमतगमत. औषध जागेवर बसून. बोटांत धरून ओढलं तर तार! चक्क एकतारी.
सासूबाई डोकावल्या. "ह्यां काय हाडलंस गो? पाकासारख्यां दिसता."
सुहास: "भजी तळणार आहेस का त्यात?"
ती ताटली आता घरात कुणी वापरायची नाही असा हुकूम निघाला. नवऱ्याला हुकूम काढायला आवडतात.

१३ जाने., मंगळ.
तिळाच्या लाडवांचा पाक. गॅसवर पातळ, परातीत ओतला की घट्ट. ऑइलचंही हेच होत असणार! म्हणून पहाटे चावी फिरवली की इंजिनाच्या वरून टक-टक-टक, आणि जरा वेळाने बाई गप्प. जाड ऑइल गार असताना वर चढायला वेळ लावतं, तेवढा वेळ वरचा भाग कोरडाच. हे कुणी सांगितलं नाही, माझं मला सुचलं, म्हणून उगाच दिवसभर खूश. लाडू कडक झाले. सासूबाईंनी खलबत्ता मागितला.

१८ जाने., रवि.
रविवारचं ऑइल बघणं. गेल्या रविवारी ऑइल नवंच होतं म्हणून सोडलं होतं. ऑइल मापायची पट्टी पुसली, घातली, काढली. खालच्या खुणेच्याही खाली! धूर नाही. खाली पुठ्ठा अंथरला होता, त्यावर एक डाग नाही. मग ऑइल जातं कुठे? फ्रान्सिसने दिलेल्या डब्यातलं होतं तेवढं ओतलं, तेव्हा खुणेला लागलं.
जेवताना सुहासने विषय काढला. अँटॉप हिलची कुणी रेश्मा, त्याच्या मित्राची मेहुणी. तिला शाळेची व्हॅन सुरू करायचीय. "आत्ता धूर नाही, आवाज नाही. अशी वेळ परत यायची नाही. ती यायच्या आधी एक चक्कर मारून गरम करून ठेव, म्हणजे ते टकटक पण नको." आणि मी काय करू? तर दादरला वन्संच्या क्लासमध्ये फोन घ्यायला माणूस हवंय. एसी आहे म्हणे.
मला व्हॅन सोडायची नाही. इथे लिहून टाकते. तिथे नुसती आमटी वाढत बसले.

१९ जाने., सोम.
धूर परत! ऑइल कमी होतं तेव्हा धूर नाही, काल भरलं तर आज धूर. हे उलटंच की. ऑइल कमी आहे म्हणून घालायचं, तर ते जळतं कसं? दिवसभर डोक्यात तेच. आर्यला त्याच्या गेटवर न उतरवता पुढे घेऊन गेले, तो ओरडला तेव्हा कळलं.

२१ जाने., बुध.
वडाळ्याला पंपावर हवा भरून झाली, गाडी बंद होती. राहवेना, पट्टी काढून बघितली. वरच्या खुणेच्या कितीतरी वर! पुसून परत घातली. तेच.
पट्टीकडे बघत उभी, मागचा टेम्पोवाला हॉर्न मारतोय. आणि मग ट्यूब पेटली. इथे जमीन सपाट आहे.
आमच्या गल्लीत गाडी लावायची म्हणजे दोन चाकं फुटपाथवर चढवायची, सगळेच तसे लावतात, नाहीतर कुणाला जायला जागा नाही. दिवाळीपर्यंत मी मिलच्या आवारात लावत होते. तिथे टॉवरचं काम सुरू झालं, पत्रे ठोकले, तेव्हापासून व्हॅन गल्लीत, रोज तिरकी. ऑइल एका अंगाला, पट्टी कोरडी, आणि मी शहाणी दर रविवारी ओततेय. जास्त झालं म्हणून जळत होतं! झिजलं म्हणून नव्हे. निदान फक्त झिजलं म्हणून नव्हे.
फ्रान्सिसला फोन. म्हणाला: "त्या दिवशी तुझं ऑइल काढलं ना, माझा डबा भरून वाहिला. मला वाटला, डब्यात आधीचं असंल." दोघेही हसत सुटलो. हसून झाल्यावर विचारलं, मग रिंगचं काय?
"आता देवाला म्हायत. जाड ऑइल नि औषध आत हाय तोपर्यंत मी पण सांगू शकत नाय."

२२ जाने., गुरु.
सुहासला सगळं सांगितलं. "मग जास्तीचं काढ आणि रविवारी दाखव."
पण आतून ती कशी आहे ते कुणालाच माहीत नाही!
"ते घेणारीने बघावं."
माझं डोकंच फिरलं. ती बाई ह्यात लोकांची मुलं बसवणार. रिंग खरंच गेल्या असतील तर जूनमध्ये तिच्या व्हॅनमागे आया नाकं दाबून उभ्या राहतील. आणि गेल्या नसतील तर मी फोन उचलायला दादरला का जायचं? काहीही असो, मला कळायला हवं. आवाज चढला माझा. सासूबाईंनी टीव्ही बारीक केला, ऐकायला.

२४ जाने., शनि.
आज फ्रान्सिसकडून सगळं काढून टाकलं, जाड ऑइल, औषध, सगळं. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय ते साधं ऑइल, बरोब्बर मापात. आत राहिलेलं जळून जावं म्हणून शिवडीपर्यंत जाऊन आले, मग व्हॅन त्याच्याच आवारात सपाटीवर लावली आणि बसने घरी.
किल्ली देताना तो म्हणाला, "धूर आला तर गिऱ्हाईक पळंल, हां."
पळू दे म्हटलं.
"नि नाय आला तर?"
बस आली होती. बरं झालं.
घरी आल्यावर रेश्माला फोन केला. ती उद्या दुपारी येणार होती. म्हटलं, सकाळी सातला ये, थेट गॅरेजवर. आपण पोचेपर्यंत कुणी गाडी सुरू करणार नाही. थंड इंजिनाचं खरं ऐकायला मिळतं. "मला त्यातलं काही कळत नाही हो, ताई." म्हटलं, मलाही परवापर्यंत कळत नव्हतं. चावी तू फिरव, मी मागे नळीशी उभी राहते. जे असेल ते दोघींना एकदमच कळेल.
मग एकदम, "चांगली असली तर मलाच द्याल ना? नक्की? मी सगळ्यांना सांगून ठेवलंय."
तोंडातून हो गेलं.
सुहास खूश आहे, मघापासून शीळ घालतोय. मला उद्या धूर यायला हवाय की नकोय, तेच कळत नाहीये.