सव्वा सेकंद

९ जानेवारी १९५७, मानवत

चंद्रभानचा पाय मोडला! जिनिंग कारखान्याच्या माडीवरून सरकीचं पोतं सुटलं ते थेट त्याच्या मांडीवर. डोकं वाचलं ही देवाची कृपा. गाडीत घालून स्टेशनावर नेलं, तिथून परभणीच्या दवाखान्यात. त्याची बायको कडूबाई एकच विचारत होती — "वरून कुणी वरडलं न्हाई का?"

ओरडायचं काम माझं. मी ओरडलो होतो.

ओरडलो होतो ना?

१० जानेवारी

ओरडलोच होतो. आश्रुबा साक्षीला आहे, पोतं त्यानंच ढकललं. पण तो म्हणतो, "तुमी तोंड उघडलं, मी ढकललं. मागं-पुढं काय झालं ते देवाला ठावं."

मॅनेजरसाहेबांना मंगळवारपर्यंत रिपोर्ट हवा. 'इशारा दिला होता, हमालाचाच निष्काळजीपणा.' त्यावर मुन्शी म्हणून माझी सही. केली तर चंद्रभानचं काम गेलं. नाही केली तर माझं!

११ जानेवारी

बारा वर्षं मी माडीवरून "हटो!" ओरडत आलो. एक पोतं, एक हटो. दिवाळीत आपण मुंबई राज्यात गेलो आणि हे साहेब आले. म्हणाले, निजामाची बोली पुरे, इशारा शुद्ध मराठीत हवा. मी उर्दूत शिकलेला. माझ्या मराठीला सगळे हसतात. म्हटलं, दाखवतोच यांना. चार दिवस खपून वाक्य जुळवलं — "खालील मंडळींनी कृपया बाजूस व्हावे, माल येत आहे!" साहेबांनी पाठ थोपटली. बायकोला तीनदा म्हणून दाखवलं.

नऊ तारखेला सकाळी पहिल्यांदाच म्हटलं. पहिलंच पोतं.

१२ जानेवारी

शाळेतल्या पंडित मास्तरांना गाठलं. पंचवीस फुटांवरून दीड मणाचं पोतं किती वेळात खाली येतं? म्हणाले, वजनाशी संबंध नाही, नारळही तेवढ्याच वेळात येईल. हे कसं काय? डोक्यात शिरेना. माडीवरून एक वीट सोडली आणि एक कापसाचा पुंजका. वीट धाडकन, कापूस डुलत डुलत! आता मास्तर खोटे की कापूस?

१३ जानेवारी

मास्तर हसले. "अहो, कापसाला हवा झेलते." पाटीवर मांडून दिलं — सेकंदांचा वर्ग करा, सोळानं गुणा, तितके फूट. म्हणून पंचवीस भागिले सोळा, त्याचं वर्गमूळ. उत्तर सव्वा! सव्वा सेकंद.

मग घड्याळ हातात घेऊन म्हणाले, ओरडा. मी ओरडलो. शेजारची म्हैस दाव्याला हिसका देऊन उठली. साडेतीन सेकंद. घाईनं ओरडलो — तीन.

"सव्वा सेकंदात कुठवर येता?"

"खालील मंडळींनी—"

एवढंच! आणि आश्रुबाचा हात जुन्या सवयीचा, पहिल्या अक्षरालाच ढकलतो. 'बाजूस' तोंडातून निघायच्या आत पोतं खाली. मग ते 'कृपया' मी कुणाला म्हणत होतो?

लाज वाटते. फार लाज वाटते.

१४ जानेवारी

संक्रांत. बायकोनं हातावर तिळगूळ ठेवला. गोड बोला म्हणतात. गोडच तर बोललो होतो!

पण एक कोडं सुटत नाही. वरून आवाज आला की माल येतो, हे चंद्रभानला पक्कं ठाऊक. शब्द काही का असेना, आवाजालाच सरकायला हवा होता. सव्वा सेकंदात माणूस दोन उड्या मारेल. मग सरकला का नाही? म्हणजे साहेबांचंच खरं? पाटीवरचं गणित सुटलं आणि हे आणखीच गुंतलं. उद्या सकाळच्या गाडीनं परभणी. त्यालाच विचारतो.

१५ जानेवारी

विचारलं, "ऐकू आलं नाही का रे?" चंद्रभान कसनुसा हसला.

"आलं की, मुन्शीजी. आजवर आमाला मंडळी कोण म्हणलंय? लय बरं वाटलं. पुढं काय म्हणायलाव ते ऐकावं म्हून उभा राहिलो."

परतताना गाडीतच रिपोर्ट लिहिला. इशारा दिला होता. हमालानं तो मान देऊन ऐकला, म्हणूनच त्याचा पाय मोडला. वाक्य माझं होतं. सही केली.