नऊ दिवे, एकच पत्ता

ता. ४ मार्च

चि. ठोंब्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून पत्र. पत्रात 'आवाज तुटतोय' म्हणता येत नाही. आज तुझ्या कंपनीचा नववा दिवा घरी आला. डोळे थकले की आपोआप मंद होणारा दिवा मला एक पुरे होता. खोक्यावर पत्ता माझा आणि नाव दर वेळी भलत्याचंच. हे नऊजण कोण? माझ्या घरात राहतात आणि मला दिसत नाहीत? कुरिअरवालाही आता संशयाने बघतो. रागावलेले नाही, पण खरं कळेपर्यंत चैन पडणार नाही.

लोभ आहे, त्याहून जास्त चौकशी आहे.

तुझी मावशी

ता. ९ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

ते नऊजण म्हणजे मीच. आमच्याकडे ऑर्डर आली की पॅकिंगच्या बाई घंटा वाजवतात आणि सगळे टाळ्या वाजवतात. डिसेंबरपासून घंटा गप्प होती. हाताखालच्या पाचजणांचे चेहरे बघवेनात, म्हणून खोट्या नावांनी दिवे मागवले. महिनाअखेर कंपनी बंद करावी लागणार, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्यात आमच्या इंजिनिअरने परवा दुसरीकडची नोकरी नाकारली. म्हणाला, घंटा वाजतेय, मग कशाला जाऊ? त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.

तुझा ठोंब्या

ता. १३ मार्च

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

आहे त्याच तोंडाने सांग, आणि पत्र मिळेल त्याच दिवशी. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण तुझ्या मुठीत दुसऱ्याचं पोट आहे. आणि एक सांग, नऊ खोक्यांवर एकच पत्ता लिहिताना बाईंना काहीच वाटलं नाही? मला तर दुसऱ्या खोक्यालाच वाटलं असतं.

मावशी

ता. २० मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

सांगितलं. बाईंना तिसऱ्या खोक्यालाच कळलं होतं. त्यांनी बाकीच्या तिघांच्या कानावर घातलं. माझं मन मोडू नये म्हणून चौघं टाळ्या वाजवत राहिले, आणि जो तो समजत होता की इंजिनिअरलाही माहीत आहे. त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. त्याने एवढंच विचारलं, की खरी घंटा फक्त त्यालाच ऐकू येत होती का? बाई रडल्या. मला रडायचाही हक्क नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला नोकरी देऊ केलेल्या कंपनीत गेलो आणि माझ्या खोटेपणामुळे त्याने नकार दिला, हे सांगून टाकलं. जागा अजून भरली नव्हती. सोमवारपासून तो तिथे रुजू होतोय. निघताना त्याने चौघांचे हात हातात घेतले. मी हात पुढे केला, तेव्हा त्याने पिशवी उचलली. त्याचं काही चुकलं नाही. तरी मावशी, कंपनी बुडतेय हेही मनाला एवढं लागलं नव्हतं.

तुझा लोभ असू दे, सध्या मला त्याची फार गरज आहे.

तुझा ठोंब्या