शेवटची पानं मी शिवली

चि. धाकटीस,

थोरलीचे भरभरून आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा. तुझं पाकीट मिळालं. पत्ता वळणदार अक्षरात, तिकीट सरळ लावलेलं, आत मात्र कागद घालायला विसरलीस. मला काही फरक पडला नाही. भरलेलं पाकीट आणि रिकामं पाकीट मला सारखंच वाचता येतं. पण सूनबाई ते उलटं करकरून झटकत होती, तिची दया आली. गुडघा कसा आहे? तुझ्या घरच्यांचा खोकला? माझी तब्येत ठणठणीत, दात सोडून. ते मोजण्यात आता अर्थ नाही.

हे पत्र सूनबाईच्या हातून लिहवते आहे. तिच्याबद्दलही यात चार गोष्टी येतील. (मान वर करू नकोस गं, लिही.)

आमच्या घरची रीत तुला ठाऊक आहे, म्हणजे एके काळी होती. मोठ्या सुट्टीला सगळे जमले की प्रत्येकाला एक पुस्तक मिळतं, आणि सगळी पुस्तकं निवडायचा मान दर वर्षी एकाचा. मान घरभर फिरला, दोनदा फिरला, माझ्यापाशी आला की मुलगा तो परस्पर उरकून टाकायचा. आणि मला पुस्तकाऐवजी सपाता. सोळा जोड झाले, पाय दोनच. यंदा मी भर जेवणात जाहीर केलं, मान माझा. मुलगा हसला. म्हणाला, "आई, अक्षर कळत नाही, पुस्तकं काय वजनावर घेणार?" मला लागलं ते. (लिही, लागलं म्हणून.) हा स्वतः लिफ्ट दुरुस्त करतो आणि घरी चौथ्या मजल्यावर जिन्याने धापा टाकत येतो, तेव्हा मी हसते का? मी म्हटलं, चौघांना चार पुस्तकं आणते. सुट्टी संपायच्या आत चौघांनी शेवटपर्यंत वाचली, तर माझा मान इथून पुढे कुणी उरकायचा नाही. एकाने जरी अर्धवट टाकलं, तर मरेपर्यंत मुकाट्याने सपाता घेईन. (चौघेच, कारण लेकीला इस्पितळातून रजा नाही, नर्सला कसली सुट्टी? जावईबापू एकटेच आलेत.)

दुसऱ्याच दिवशी चौकातल्या पुस्तकवाल्याकडे गेले. दाराशी तीन पायऱ्या, आत छतापर्यंत फळ्या आणि बसायला एकच स्टूल. ते मी घेतलं. तो म्हणाला, आजी, कोणतं दाखवू? म्हटलं, दाखवून काय उपयोग, मधलं एक पान वाच. शितावरून भाताची परीक्षा. पण वरची शितं सगळेच नीट शिजवतात, म्हणून मधलं. बिचारा वाचत गेला. आता, कोण कसं वाचतं हे ओळखायला अक्षर यावं लागत नाही, डोळे असावे लागतात. इतकी वर्षं मी या सगळ्यांना वाचताना बघते आहे. त्यांना वाटतं मी भाजी निवडते आहे. पुढच्या दिवशी पुस्तकवाल्याचा घसा बसला. सूनबाईच्या औषधाच्या दुकानातून चघळायच्या गोळ्या नेऊन दिल्या आणि म्हटलं, हं, पुढचं. एव्हाना पायऱ्यांवर ऐकणारे जमू लागले होते. एक प्लंबर तर पाना हातात धरून तास तास उभा. तिकडे कुणाचा तरी नळ वाहत असणार.

नातीला आजवर सगळ्यांनी उपयोगी पुस्तकं दिली, दात कसे घासावेत आणि मोठ्यांशी कसं बोलावं वगैरे. नऊ वर्षांच्या पोरीला थोडी भीती हवी असते. जे वाचताना पुस्तकवाल्याने स्वतःच आवाज खाली आणून मागे वळून बघितलं, ते तिच्यासाठी घेतलं. एका दिवसात फस्त. आता एकटी जिना उतरत नाही. सूनबाईला छोट्या छोट्या गोष्टींचं, दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये एक गोष्ट बसेल असं. जावईबापू हातात पेन्सिल घेऊन पुस्तकाशी भांडतात, म्हणून त्यांना एका विद्वानाचं जाडजूड, माणसाचं कुठे कुठे चुकलं ते सांगणारं. आणि मुलाला खुनाची गोष्ट. पण हा पठ्ठ्या शेवटचं पान आधी वाचतो, "कळलं" म्हणतो आणि पुस्तक मिटतो. मग मी सुई-दोरा घेतला आणि शेवटची आठ पानं पक्का धावदोरा घालून शिवून टाकली. (शेवटची बाजू कुठली ते पुस्तकवाल्याला विचारून घेतलं होतं. कशाला ते सांगितलं नाही, त्याला घेरी आली असती.) वाचत वाचत तिथवर पोचलास की उसव म्हणावं.

मग चारही पुस्तकांना खाकी कागद गुंडाळला. मुलाचं आणि जावईबापूंचं जाडीला अगदी सारखं, म्हणून खूण राहावी अशा बेताने शिवणीच्या दोऱ्याचं टोक कागदाबाहेर ठेवलं. आता सूनबाईचं असं आहे की लोंबता दोरा दिसला की तिचा हात कात्रीकडे जातो. (लिही, "मी कापला." तुझ्याच हाताने लिही.) वाटायच्या वेळी मी चाचपडत बसले, आणि शिवलेला खून गेला जावईबापूंकडे, माणसाच्या चुका मुलाकडे.

परत मागावीत तर मुलगा पुन्हा हसणार. न मागावीत तर दोन्ही पुस्तकं चार पानांत आपटणार. तशीच राहू दिली. जावईबापूंनी शिवण बघितली आणि भारावलेच. त्यांना वाटलं लेखकाचीच युक्ती. दोन दिवस गोष्ट वाचून खाकी कागदावर खुनी कोण ते पेन्सिलीने लिहिलं, खाली सही केली, सगळ्यांना बोलावून कात्री मागितली. साफ चुकले. मग दोन तास लेखकाशी भांडले, पण पुस्तक झालं. मुलाने सवयीने शेवटचं पान उघडलं, तर तिथे नुसती शब्दांची यादी, समोर पानांचे आकडे. त्यात त्याला 'लिफ्ट' सापडली. ते पान काढलं, तर विद्वानाने लिफ्टच्या दोरांबद्दल भलतंच लिहिलेलं. झालं! याला एवढं कळत नाही तर बाकीचं काय कळत असेल, म्हणत पहिल्या पानापासून जो बसला, तो काल संध्याकाळी उठला, चुकांची वही भरून.

तीन झाले. उरली सूनबाई. सुट्टी उद्या संपते आणि हिची एक गोष्ट बाकी. चार दिवस झाले, एकच बाकी आहे म्हणते. मी भांडी घासते, कपडे वाळत घालते, हिला म्हणते, जा बाई, वाच. ही खोलीत जाऊन दार लावते, तासाने बाहेर येते तेव्हा डोळे सुजलेले. गोष्ट फार रडवणारी असणार. पण माझा मान त्या एका गोष्टीवर लटकला आहे आणि मी हिला इथे पत्र लिहायला बसवलंय, तेव्हा आवरतं घेते. (ऊठ, जा वाच. थांब, आधी आशीर्वाद लिही.)

सगळ्यांना आशीर्वाद.

तुझी थोरली
(खाली अंगठा आहे. डाग समजून पुसू नकोस.)

ता. क. पाचवं पुस्तकही घेतलं आहे, माझ्यासाठी. कुणाला बोलले नव्हते; आता सूनबाईला कळलं. त्याचं मधलं एक पान वाच म्हटलं, तर पुस्तकवाला अकरा पानं वाचत गेला आणि मी थांबवलंच नाही. आता मला ते पहिल्यापासून ऐकायचं आहे. वाचणार कोण? नात धावत सुटते. मुलगा शेवट आधी सांगेल. जावईबापू दर ओळीला भांडतील. सूनबाई औषधाच्या बाटलीवरचं वाचावं तसं वाचते, ढवळून, जेवणानंतर दोनदा. एकीने घर बघायचं आणि एकीने शाळा, असं आईने ठरवलं तेव्हा तू सुटलीस. पण शाळेतून येऊन मला वाचून दाखवायचीस, आणि पीठ मळता मळता माझा हात थांबला की तूही थांबायचीस. तसं कुणाला जमत नाही. तर ये. आठवडाभर ये.

ता. क. दुसरा. (मावशी, सा. न. आई चहा टाकायला उठल्यात, तेवढ्यात लिहिते. माझं पुस्तक तिसऱ्याच दिवशी वाचून झालं. शेवटची गोष्ट अजिबात रडवणारी नाही, पण तिच्या नावावर झोप फार छान लागते. अठरा वर्षांत पहिल्यांदा मला कुणी "भांडी राहू दे, जा वाच" म्हणतंय, ते चार दिवस पुरवून पुरवून वापरले. उद्या सकाळी सगळ्यांसमोर पुस्तक संपवणार आहे, मान त्यांचाच. आणि पाचवं पुस्तक मला केव्हाच ठाऊक आहे. चादरींच्या घडीत ठेवलंय. रोज दुपारी काढतात, मांडीवर उघडून बसतात. तुम्ही खरंच या.)

ता. क. तिसरा, पुन्हा मी. एवढं काय लिहीत होतीस विचारलं तर म्हणते, पत्ता. असेल बाई. तू निघेपर्यंत तुला चार दिवस लागतील, खाऊ मात्र आधी पाठव. गोड, चिकट, तुपकट काही नको, पानांना डाग पडतात. भाजलेले शेंगदाणे पाठव, सालं काढून, दोन वेगळ्या डब्यांत. एक वाचणारीचा, एक ऐकणारीचा.