पहिल्या बाकावरचं आमेन

लोणी काळभोर
सोमवार, दुपार

प्रिय विश्वजीत,

सलाम. तुझी पत्रिका पोचली. कागद जाड आहे, छपाई झकास आहे. फोटोत तू पवित्र शास्त्र छातीशी धरून वर बघतो आहेस. वर काय आहे ते फोटोत आलेलं नाही. स्टुडिओतला पंखा असावा. आपल्या चर्चच्या मंडळीचा शंभरावा वर्धापनदिन, येत्या रविवारी सकाळी साडेनऊ वाजता, मुख्य उपदेशक तू, आणि विषय ‘स्वर्गाची तयारी : तुमची झाली का?’ सोबत तुझ्या हातची चिठ्ठीही मिळाली. आईने नेहमीप्रमाणे पहिल्या बाकावर बसावं आणि अस्मितालाही बरोबर आणावं. उपदेशाच्या शेवटी तू तिला पुढे बोलावणार आहेस, परत आलेली बहीण म्हणून. त्यातून मंडळीला मोठा आशीर्वाद मिळेल, असं लिहून ‘आशीर्वाद’ या शब्दाखाली तू दोन रेघा ओढल्या आहेस. शाळेत मी चुकीच्या शब्दाखाली एक ओढायची.

हे त्या चिठ्ठीचं उत्तर आहे. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मुद्द्यावर आले की लगेच ‘आई, आपण प्रार्थना करू या’ म्हणतोस, आणि प्रार्थनेत कोणी मध्ये तोंड घालत नाही हे तुला चांगलं ठाऊक आहे. पत्राला तसं करता येत नाही. शेवटपर्यंत वाचावंच लागेल, आणि डोळे उघडे ठेवून.

माझं म्हणशील तर गुडघे आहेत तसेच आहेत. आठ महिन्यांपूर्वी तुझ्या बंगल्यातून इथे आले तेव्हा सगळ्यांना सांगितलं की जिने चढवत नाहीत. अस्मिताचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. तुला तेव्हाही विचारावंसं वाटलं नाही. ती सकाळी सातला दवाखान्यात जाते, चार वाजता येते, माझ्यासाठी चहा टाकते, औषधाच्या गोळ्या वाटीत काढून ठेवते. नर्स आहे, काळजी घेण्यात चूक होत नाही. बोलते कामापुरतं. जावई बोलतो, सलिल भला माणूस आहे, पण तोही सासूशी किती बोलणार? तुझी पत्रिका मी तिला दाखवली, चिठ्ठी नाही. तिने पत्रिका नीट वाचली, परत माझ्या हातात दिली आणि मेथी निवडायला बसली. देठं ठेवायला कागद हवा म्हणाली, तर मीच ती पत्रिका पुढे केली. जाड कागदाचा एवढा उपयोग झाला.

तू पाच वर्षांचा होतास तेव्हापासून उपदेश करतो आहेस. पालथ्या बादलीवर उभा राहायचास, माझी ओढणी गळ्यात घालायचास आणि अस्मिताला पाप्यांमध्ये बसवायचास. ती बिचारी दीड वर्षाची, तिला पापी म्हणजे काय ते माहीत नव्हतं, बिस्कीट मिळतं म्हणून बसायची. थांबायला तुला मी शिकवलं. म्हटलं, बाळा, गडबडीने बोलत सुटू नकोस, जिथे लोकांच्या मनाला लागलं पाहिजे तिथे वाक्य संपव आणि मनातल्या मनात पाचपर्यंत मोज. तू मोजायचास आणि मी खालून आमेन म्हणायची. पुढे तू खरोखरीचा पाळक झालास, पुलपीटवर चढलास, तरी तो क्रम मोडला नाही. तू थांबायचास, पहिल्या बाकावरून मी आमेन म्हणायची, आणि मग सगळी मंडळी म्हणायची. माझ्याआधी कोणी म्हणत नसे. तू कौतुकाने सांगायचास की माझ्या आईचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत माईकशिवाय पोचतो. मला ते फार आवडायचं, उगाच खोटं कशाला बोलू?

तुझ्या पप्पांना हे सगळं विशेष पटत नसे. ते चर्चचे साधे सेवक. चाळीस वर्षं घंटा वाजवली, बाकं पुसली, कबरी खणल्या. शिक्षण सातवीपर्यंत. उपदेशाबद्दल त्यांचं एकच मत होतं, की भाजीवाल्यालाही समजला पाहिजे आणि जेवणाच्या आत संपला पाहिजे. पण कोणाचं तान्हं गेलं की ते छोटी पेटी स्वतः काखेत धरून न्यायचे. एकदा एका बाईने त्यांना रडत विचारलं, ‘दादा, माझं लेकरू बिनबाप्तिस्म्याचं गेलं, ते तिथे पोचेल का हो?’ पप्पा म्हणाले, ‘पोचलंसुद्धा, बाई. त्याला कुठे सामान बांधायचं होतं?’ स्वर्गाच्या तयारीवर मी पंचेचाळीस वर्षं उपदेश ऐकले, पण लक्षात राहिला तो एवढाच.

अस्मिताने तुला हाच प्रश्न विचारला होता. तीन वर्षं झाली. तिची मुलगी अकरा दिवस जगली. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की हृदय नाजूक आहे, सांगता येत नाही. दवाखान्याच्या शेजारच्या मंडळीचे पाळक स्वतःहून आले होते, पाण्याची वाटीसुद्धा मागवली होती त्यांनी. अस्मिताने तुला फोन लावला. तू विदर्भात सभांच्या दौऱ्यावर होतास. तू म्हणालास, ‘थांबा, मी पुढच्या शनिवारी पोचतो. माझी पहिली भाची, बाप्तिस्मा माझ्याच हातून, सगळ्या मंडळीसमोर होऊ दे.’ अस्मिता घुटमळली. तेव्हा मी म्हणाले, मामा पाळक असताना परक्याच्या हातून कशाला? त्या पाळकांना मीच चहा पाजून परत पाठवलं. फ्रॉक शिवत होते ना मी, पांढरा, बाहीला लेस लावलेला, तो मला सगळ्या मंडळीला दाखवायचा होता. शनिवार यायच्या आधी गुरुवार आला. तू त्यानंतर चार दिवसांनी आलास, कारण अमरावतीच्या सभेत शेवटच्या दिवशी गर्दी फार होती.

आणि तू आल्यावर तिने तुला एवढंच विचारलं, ‘दादा, ती तिथे असेल ना रे?’ तुला हो म्हणायचं होतं. फक्त हो. तू धर्मशास्त्राची पदवी घेतलेला, तू म्हणालास, ‘मला यावर प्रार्थना करू दे, मग सांगतो.’ ती वाट बघत बसली. सहा आठवडे. फोन वाजला की ओले हात घेऊन धावायची. सातव्या रविवारी तू उत्तर दिलंस, पुलपीटवरून. दहा कुमारींचा दाखला काढलास, दिव्यात तेल नाही म्हणून पाच जणींना उशीर झाला आणि लग्नघराचं दार बंद झालं, ते सगळं. मग आवाज खाली आणलास आणि म्हणालास की एक तरुण आई आहे, देवाने तिच्या पदरात लेकरू घातलं, पण बाप्तिस्मा आज करू, उद्या करू, पाहुणे येऊ देत, फ्रॉक शिवून होऊ दे, असं करता करता दार बंद झालं. आणि तू थांबलास. मनात पाचपर्यंत मोजलंस.

मला कळलं नव्हतं असं आता म्हणता आलं असतं. पण मला कळलं होतं. ‘फ्रॉक’ म्हणालास तेव्हाच. तरी तू थांबलास आणि माझं तोंड उघडलं. आमेन म्हटलं मी. खणखणीत. पाठोपाठ दीडशे माणसं म्हणाली. अस्मिता तिसऱ्या बाकावर होती. ती उठून गेली नाही. दानाची थैली आली तेव्हा तिने त्यात दान टाकलं, शेवटचं गीत उभं राहून म्हटलं. फाटकापाशी माझ्याजवळ आली आणि विचारलं, ‘आई, पहिली तूच म्हणालीस ना?’ मग ती स्वारगेटच्या बसमध्ये चढली. त्यानंतर दोन वर्षं तिने मला फोन केला नाही, आणि मी तुझ्या बंगल्यात बसून तुझ्या पोळ्या लाटत राहिले.

तू म्हणशील, मी नाव कुठे घेतलं होतं? अरे वा! त्या वर्षी आपल्या मंडळीत अकरा दिवसांची किती लेकरं गेली होती, सांग बरं. नाव घेतलं असतंस तर निदान पुढेही बोलावं लागलं असतं, की ते पाहुणे कोण, ज्यांच्यासाठी सगळे थांबले होते. लोकांना तेलाचा हिशेब विचारायचा आणि आपला दिवा झाकून ठेवायचा, हे तुला मी शिकवलं नव्हतं. की शिकवलं होतं? हल्ली रोज हेच मनात येतं.

हे मी गिळलं असतं रे. आईला सगळं गिळता येतं. पण एप्रिलमध्ये तुला मुलगा झाला. दुसऱ्याच दिवशी तू दवाखान्याच्या खोलीत, दार लावून, स्टीलच्या वाटीत पाणी घेऊन त्याचा बाप्तिस्मा केलास. मंडळी नाही, गीत नाही, पत्रिका नाही. तुझ्या रुपालीने मला नंतर सांगितलं, म्हणाली, ‘आई, यांनी डॉक्टरांची फेरी होईपर्यंतसुद्धा दम धरला नाही.’ बाळाला नुसती कावीळ होती. भीती वाटली ना तुला? वाटणारच, बापाचं काळीज आहे. मी त्याबद्दल तुला बोल लावत नाही. देव त्याला शंभर वर्षं आयुष्य देवो. पण त्याच संध्याकाळी तुझा फोन आला की आई, तो अस्मिताच्या बाळासाठी शिवलेला फ्रॉक तसाच पडून असेल ना, फोटोपुरता पाठवतेस का? मी म्हटलं सापडत नाही. विश्वजीत, तो फ्रॉक तिच्या अंगावर आहे. तिला तो घालूनच पुरलं आम्ही. मातीला आला असतास तर तुला माहीत असतं. तिच्या कबरीवरच्या पाटीवर नाव नाही, कारण नाव बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवायचं होतं. ‘अस्मिता आणि सलिल यांची मुलगी’ एवढंच लिहिलंय. सलिल दर महिन्याला जाऊन ती पाटी पुसतो.

आता तू तिला पुढे बोलावणार. परत आलेली बहीण! ती कुठे गेली होती रे, परत यायला? तिच्या खांद्यावर हात ठेवशील, डोळे पुसशील, मग थांबशील. अजून त्या पोरीतून एक उपदेश निघायचा राहिलाय, असं तुला वाटतंय. दगडाला पाझर फुटेल, पण तुझ्या डोक्यात उजेड पडणार नाही, असं मला परवापर्यंत वाटत होतं. तरी तुला एक संधी देते, कारण तू माझ्या पोटचा आहेस आणि ती बादली मी पालथी घातली होती.

शनिवारपर्यंत इथे ये. पांढरा झगा नको, शास्त्र नको, गाडीतून दोन वडीलमंडळी बरोबर आणायची नाहीत. ती चारला येते. दारात उभा राहा आणि तिला दोन वाक्यं सांग. बाळ प्रभूजवळ आहे. उशीर माझ्यामुळे झाला. मग निघून जा, प्रार्थना करू नकोस. ती दार लावेल, लावू दे. तसं केलंस तर रविवारी मी घरीच बसेन आणि तू तुझ्या स्वर्गाचं काय ते खुशाल सांग. नाही आलास, तर मी येईन. अस्मिताला आणणार नाही, एकटीच येईन, पहिल्या बाकावर बसेन, तुझ्या इच्छेप्रमाणे. तू बोलत बोलत त्या जागेवर येशील, आवाज खाली आणशील, आणि थांबशील. तेव्हा मी उभी राहीन आणि तो बाप्तिस्मा कोणासाठी थांबला होता ते सांगेन. आधी तुझं नाव, मग माझं. माईक बंद करून उपयोग नाही, माझा आवाज कुठवर पोचतो ते तूच सगळ्यांना सांगितलं आहेस. त्यावर पहिलं आमेन कोण म्हणतं ते बघू. माझ्या तयारीची काळजी करू नकोस. पंचाहत्तर वर्षांची झाले, फार दिवस नाहीत. तिथे गेल्यावर दारात ते लेकरू उभं असेल, तर मी त्याला कोणत्या नावाने हाक मारू, एवढाच विचार दिवसभर चाललेला असतो. ते नाव तिच्या आईने अजून मला सांगितलेलं नाही, आणि विचारायला मला तोंड नाही.

तुझीच, पण या वेळी आधी तिची,
आई